१० मे – मोलोकाईचे संत डेमियन : आधी स्पर्श, मग बाकी सगळं

आजचं वाचन : संत मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय १, ओव्या ४० ते ४५



आजचं वाचन जेमतेम सहा ओव्यांचं आहे. सकाळच्या लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये वाचून होतं. एक कुष्ठरोगी येशूसमोर गुडघे टेकतो आणि शुद्ध करण्याची विनंती करतो. येशूला त्याचा कळवळा येतो. तो हात पुढे करतो, त्याला स्पर्श करतो आणि तो माणूस बरा होतो.

हे वाचन मी लहानपणापासून कितीतरी वेळा ऐकलंय, पण एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. येशू आधी स्पर्श करतो. म्हणजे तो हात लावतो तेव्हा समोरचा माणूस अजून आजारीच आहे, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे अशा माणसाला शिवणारा स्वतः अशुद्ध ठरायचा. शिवाय शेवटची ओवी नीट वाचा. बरा झालेला माणूस गावभर सांगत सुटतो आणि येशूलाच उघडपणे गावात शिरता येत नाही, त्याला बाहेर, ओसाड जागी राहावं लागतं. बाहेरचा आत आला आणि आतला बाहेर गेला. जागांची अदलाबदल झाली.

आज १० मे, संत डेमियन यांचा सण. ही अदलाबदल ज्यांनी अक्षरशः जगून दाखवली त्यांच्याबद्दल आज लिहायचं आहे. पण त्याआधी माझी एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर पुढचं सगळं लिहिणं खोटं होईल.

गेल्या वर्षी आमची आजी घरात पडली आणि अंथरुणाला खिळली. काही आठवड्यांत तिच्या पाठीला जखमा झाल्या. तिच्या खोलीत एक वास भरून राहायचा. मी ऑफिसमधून आलो की दारातच उभा राहायचो, आजी जेवलीस का, एवढं विचारायचो आणि माझ्या खोलीत निघून जायचो. रविवारी मिस्साला न चुकता जात होतो. हा ब्लॉगही रोज लिहित होतो. आणि आजीच्या खोलीचा उंबरठा चार महिने ओलांडला नव्हता.

त्याच दिवसांत प्रायश्चित्तकाळ सुरू झाला आणि मी डेमियन यांचं चरित्र वाचायला घेतलं.

शेतकऱ्याचा मुलगा

त्यांचं मूळ नाव योसेफ द व्हूस्टर. जन्म ३ जानेवारी १८४०, बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावात. घर शेतीवाडीचं आणि धान्याच्या व्यापाराचं. योसेफ हे सातवं अपत्य. अंगाने दणकट, कामाला वाघ. वडिलांना वाटायचं हा पोरगा धंदा सांभाळेल. पण मोठा भाऊ येशू आणि मारिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात गेला होता, आणि १८५९ मध्ये योसेफही त्याच्या मागोमाग लूव्हेनला त्याच संघात दाखल झाला. तिथे त्याला डेमियन हे नाव मिळालं.

१८६० मध्ये पॅरिसला त्याने व्रतं घेतली. त्या संघाची एक रीत होती. व्रत घेणारा जमिनीवर पालथा झोपायचा आणि त्याच्यावर शवपेटीवर टाकतात ते काळं वस्त्र पांघरायचे. अर्थ असा की जगाला तू आता मेलास. वीस वर्षांच्या पोराला तेव्हा त्यातलं किती कळलं असेल? पण ते काळं वस्त्र त्याच्या मनातून कधी गेलं नाही. तेरा वर्षांनी त्याचा खरा अर्थ समोर आला. ते पुढे येईलच.

शिकत असताना डेमियन संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चित्रापुढे रोज प्रार्थना करायचा की मलाही दूर मिशनवर पाठव. हेच ते झेवियर, ज्यांचं शव आपल्या जुन्या गोव्यात आहे आणि ज्यांच्या फेस्ताला आपण बस करून जातो. प्रार्थना ऐकली गेली, पण वेगळ्याच वाटेने. हवाई बेटांवर जायचं होतं ते मोठ्या भावाने, आणि नेमका तोच तापाने आजारी पडला. डेमियनने आपल्या वरिष्ठांना बाजूला ठेवून थेट पॅरिसच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, की भावाच्या जागी मला पाठवा. अजून धर्मगुरूदेखील झाला नव्हता. आगाऊपणाच म्हणा! पण होकार आला.

ऑक्टोबर १८६३ च्या अखेरीस जहाज निघालं. सुमारे पाच महिन्यांचा प्रवास. १९ मार्च १८६४ ला, संत योसेफच्या सणाच्या दिवशी, ते होनोलुलूला पोहोचले. दोन महिन्यांनी, २१ मे रोजी, तिथल्या कॅथेड्रलमध्ये त्यांची गुरुदीक्षा झाली. वय वर्षं २४. आपल्यातले कितीतरी जण या वयात पहिल्या नोकरीचा प्रोबेशन पिरियड मोजत असतात. डेमियन मात्र परत कधी बेल्जियमला गेले नाहीत.

घोडा, हातोडा आणि वेदी

लोकांना डेमियन म्हटलं की मोलोकाई आठवतं. त्याआधीची नऊ वर्षं कुणी सांगत नाही. मला ती फार जवळची वाटतात, कारण त्यांत काही भव्यदिव्य नाही. नुसतं काम आहे.

पहिली नेमणूक झाली हवाईच्या मोठ्या बेटावर, पुना भागात. आपलं पुणं नव्हे, ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचा प्रदेश. शेजारच्या कोहाला भागातले धर्मगुरू तब्येतीने खचले होते आणि त्यांचा भाग पुनापेक्षा कितीतरी मोठा होता. डेमियननी त्यांच्याशी भाग बदलून घेतला. सोपा त्यांना दिला आणि अवघड स्वतःकडे ठेवला. अदलाबदलीची सवय तेव्हापासूनची.

हा धर्मग्राम म्हणजे आपल्यासारखं देऊळ, मागे शाळा आणि रिक्षाने दहा मिनिटांत कुठल्याही घरी, असं नव्हतं. डोंगर, खोल दऱ्या, मुसळधार पाऊस, आणि वस्त्या दूरदूर विखुरलेल्या. सगळीकडे एक फेरी मारायलाच कित्येक आठवडे लागायचे. घोड्यावरून, खेचरावरून, जिथे जनावर जात नाही तिथे पायी. मिस्साचं सामान बरोबर घेऊन फिरायचं. एका वस्तीवर पोहोचलं की प्रार्थनेला बोलवायचं, मुलांना धर्मशिक्षण द्यायचं, कुमसार ऐकायचे, बाप्तिस्मा द्यायचे, आजाऱ्यांना भेटायचं आणि पुढच्या वस्तीची वाट धरायची.

जिथे देऊळ नव्हतं तिथे त्यांनी ते स्वतः बांधलं. शेतकऱ्याचा मुलगा, हाताला सवय होती. लाकडं वाहायची, करवत चालवायची, खिळे ठोकायचे. गावकरी बरोबर असायचे. हवाईची भाषा ते बोलत बोलत शिकले. लोक त्यांना कामियानो म्हणायला लागले. जेवण तिथलंच, पोई. टॅरोचे कंद, म्हणजे आपल्या अळकुड्यांचे भाऊबंद, उकडून कुटून केलेली ती आंबूस लापशी. सगळे एकाच भांड्यात बोटं घालून खायचे. डेमियनही त्यांच्यात बसून तसंच खायचे. हे लक्षात ठेवा.

एकटेपणाही होता. दुसरा धर्मगुरू भेटायला महिनोन्‌महिने लागायचे. आपलं कुमसार कुणाकडे करायचं, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला.

वेगळं करणारा आजार

तेव्हा हवाईत कुष्ठरोग झपाट्याने पसरत होता. औषध नव्हतं. १८६५ मध्ये तिथल्या राज्याने कायदा केला आणि जानेवारी १८६६ पासून रुग्णांना मोलोकाई बेटावरच्या कलावाओ इथे नेऊन सोडायला सुरुवात झाली. ती जागा म्हणजे समुद्रात शिरलेला जमिनीचा तुकडा. तीन बाजूंना खवळलेलं पाणी, चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फुटांचा उभा कडा. भिंत बांधायची गरजच नव्हती.

हवाईच्या भाषेत या रोगाला जे नाव पडलं त्याचा अर्थ होतो, वेगळं करणारा आजार. नवरा-बायको, आई-मूल यांची ताटातूट करणारा. लोकांना रोगापेक्षा त्या ताटातुटीची भीती जास्त होती. काही जण तर निरोगी असूनही आपल्या माणसाची सेवा करायला सोबत गेले. पुढच्या शंभर वर्षांत जवळपास आठ हजार माणसं तिथे पाठवली गेली.

मे १८७३ मध्ये माउई बेटावर एका नव्या देवळाच्या आशीर्वादासाठी धर्मगुरू जमले होते. बिशप मेग्रे यांनी विषय काढला की मोलोकाईच्या लोकांना कायमचा धर्मगुरू हवा आहे. आज्ञा द्यायला त्यांचं मन धजेना, कारण ती मृत्यूची आज्ञा ठरली असती. चार तरुण धर्मगुरू पुढे आले. पाळीपाळीने जायचं ठरलं. पहिली पाळी डेमियनची.

१० मे १८७३. म्हणजे आजचीच तारीख. बोटीतून रुग्ण, गुरंढोरं, बिशप आणि डेमियन किनाऱ्यावर उतरले. बिशप परत गेले. डेमियन राहिले. वय ३३. लहानसं देऊळ आधी बांधलेलं होतं, पण राहायला घर नव्हतं. पहिल्या रात्री ते देवळाशेजारच्या हालाच्या झाडाखाली झोपले. हाला म्हणजे आपल्या केवड्याच्या जातीचं झाड. दोनच दिवसांनी त्यांनी वरिष्ठांना कळवून टाकलं की पाळी वगैरे नको, मला इथेच ठेवा. काळ्या वस्त्राखाली झोपलेल्या त्या दिवसाची आठवण त्यांनी तेव्हा काढली होती. एकदा मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कसली भीती?

पण वास यायचा

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. कारण डेमियनना वास सहन होत नव्हता.

संतांच्या चरित्रांत आपल्याला अशी अपेक्षा नसते. वाटतं, संताला घाण वाटतच नाही, त्याच्यावर कृपा असते. डेमियनच्या बाबतीत असं काही झालं नाही. देवळात उघड्या जखमा घेऊन माणसं दाटीने बसायची, आणि मिस्सा अर्धवट सोडून बाहेर मोकळ्या हवेत पळावं, असं त्यांना व्हायचं. झोपड्यांमध्ये तर त्याहून कठीण. म्हणून ते पाईप ओढायला लागले. तंबाखूच्या वासाने तो दुसरा वास थोडा झाकला जायचा आणि कपड्यांना चिकटायचा नाही.

म्हणजे किळस गेली नाही. किळस बरोबर घेऊन ते आत गेले.

आत जाऊन काय केलं? ज्या गोष्टी आपण आपल्या माणसासाठी करतो त्या. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. त्यांच्याबरोबर पोईच्या एकाच भांड्यातून खाल्लं, आपला पाईप त्यांना ओढायला दिला. सांगणारे सांगत होते की अंतर ठेवा. पण अंतर ठेवून जेवणारा माणूस हवाईच्या लोकांना पाहुणा वाटतो, घरचा नाही, हे डेमियनना कोहालापासून ठाऊक होतं.

त्यांचा कलावाओचा आठवडा डोळ्यांसमोर आणून बघा. रोज पहाटे प्रार्थना आणि मिस्सा. मग मुलांचं धर्मशिक्षण. मग झोपडी-झोपडीत फेरी, त्यात कॅथलिक, प्रॉटेस्टंट, कुठलाच धर्म न मानणारा, असा भेद नाही. दुपारी सुतारकाम. एका वादळात गवती झोपड्या उडाल्या, तर त्यांनी सरकारकडे लाकूड मागून रुग्णांच्या मदतीने जमिनीपासून उंच, कोरडी घरं उभी केली. पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं, तर डोंगरातल्या झऱ्यापासून वस्तीपर्यंत पाईप टाकून घेतला. अनाथ मुलामुलींसाठी घरं बांधली. रविवारी कलावाओला मिस्सा आणि प्रवचन, शिवाय पलीकडच्या कलाउपापा वस्तीचीही सोय. गायनमंडळ होतं, वाजंत्री होती. बोटं झडलेली माणसं ढोल आणि बासरी वाजवत पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीत चालायची.

आणि आठवड्याच्या कुठल्याही दिवशी, अंत्यविधी. डेमियन येण्याआधी कितीतरी जण पेटीविना, प्रार्थनेविना पुरले जायचे. त्यांनी स्वतःच्या हातांनी शवपेट्या बनवल्या, शेकड्यांनी. खड्डेही खणले. दफनभूमीला कुंपण घातलं. ती त्यांच्या घराला लागूनच होती. रात्री तिथे फेऱ्या मारत ते रोझरी म्हणायचे. ही सगळी माझीच माणसं, अशा भावनेने.

होडीतलं कुमसार

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत सरकारने कडक नियम केला की डेमियननी वस्तीबाहेर पडायचं नाही. त्यांचे वरिष्ठ बोटीने भेटायला आले, पण त्यांना उतरायची परवानगी नव्हती. डेमियन लहान होडीतून बोटीजवळ गेले, तर त्यांना वर चढू देईनात. मग ते होडीतच उभे राहिले आणि वर कठड्याशी उभ्या असलेल्या धर्मगुरूंना मोठ्याने ओरडून, बाकीच्यांच्या देखत, आपली पापं सांगितली. तिथूनच क्षमा मिळाली.

आपण कुमसारखान्याच्या जाळीआडही अडखळतो. आज उद्या करत सहा-सहा महिने जातात. आणि हा माणूस क्षमेसाठी सगळ्यांसमोर लाज सोडून उभा राहिला. त्यांची शक्ती कुठून यायची ते मला इथे समजलं. ते स्वतःला चांगले समजत नव्हते. त्यांना क्षमा लागायची, ख्रिस्तप्रसाद लागायचा. साक्रामेंतातला येशू जवळ नसता तर इथे एक दिवस टिकलो नसतो, असं त्यांचं मनापासूनचं म्हणणं होतं.

ते अगदी गोड स्वभावाचे होते असंही नाही. हट्टी होते, चटकन तापायचे. मदतीला पाठवलेल्या धर्मगुरूंशी त्यांचं पटलं नाही. सरकारी खात्याकडे इतकं मागायचे की अधिकारी वैतागायचे. जगभर नाव झालं तेव्हा त्यांच्याच काही वरिष्ठांना ती प्रसिद्धी खुपली. ख्रिस्तसभेने अशा माणसाला संत म्हटलं याचा मला फार आधार वाटतो.

जागांची अदलाबदल

डिसेंबर १८८४ मध्ये एके संध्याकाळी त्यांनी दुखरे पाय गरम पाण्यात घातले. कातडीवर फोड आले, पण दुखलंच नाही. संवेदना गेली होती. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. अकरा वर्षं ते ज्यांना आपली माणसं म्हणत आले होते, त्यांच्यातलेच आता ते शरीरानेही झाले.

शेवटची चार वर्षं ते थांबले नाहीत. उलट घाई झाली. १८८६ मध्ये जोसेफ डटन नावाचा अमेरिकन माजी सैनिक मदतीला आला आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षं तिथेच राहिला. नोव्हेंबर १८८८ मध्ये मदर मरियान कोप आपल्या सिस्टर्ससह आल्या, आणि मुलींचं काय होणार ही डेमियनची काळजी मिटली. त्याही आज संत आहेत.

१५ एप्रिल १८८९, पवित्र आठवड्याचा सोमवार. डेमियन वारले. वय ४९. ज्या हालाच्या झाडाखाली पहिली रात्र काढली, त्याच झाडाखाली त्यांना पुरलं. १९३६ मध्ये त्यांचं शव बेल्जियमला नेलं. १९९५ मध्ये ते धन्यवादित झाले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष मोलोकाईला परत आले. ज्या हाताने जखमा बांधल्या, तो हात त्यांच्या माणसांना परत मिळाला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत घोषित केलं.

आपल्याशीही एक धागा आहे. कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्यांना डेमियन आणि डटन यांच्या नावाने एक पुरस्कार दिला जातो. १९८३ मध्ये तो आनंदवनाच्या बाबा आमटेंना मिळाला होता.

आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ते औषध फुकट मिळतं. वेगळं करणारा आजार मात्र संपलेला नाही. तो आमच्या घरात होता, आजीच्या खोलीच्या उंबरठ्यावर.

पाईपचं ते पान वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी नाकाखाली बाम लावला आणि आत गेलो. आई जखमा साफ करत होती, मी आजीला कुशीवर धरून ठेवलं. पोटात ढवळलं. मी बाहेर आलो, तोंड धुतलं आणि परत आत गेलो. आजीने काही विचारलं नाही. फक्त माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून रोझरी म्हणायचो. असे तीनच आठवडे मिळाले. मग ती गेली.

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात खरे दिवस होते. आणि आधीच्या चार महिन्यांचं दुःख अजून आहे. ते मी कुमसारात सांगितलं, क्षमा मिळाली, तरी आठवण राहते. राहू दे. तीच आठवण मला आता दारं उघडायला लावते.

आजच्यासाठी

तुमच्याही ओळखीत असं एक दार असेल. अंथरुणाला खिळलेले काका असतील, व्यसनातला मित्र असेल, बिल्डिंगमध्ये एकट्या राहणाऱ्या बाई असतील. किळस, भीती, कंटाळा जाण्याची वाट बघू नका. डेमियनचीही गेली नव्हती. आजच एकदा आत जा. दहा मिनिटं बसा. हात धरा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आधी स्पर्श केलास आणि मग बरं केलंस. आम्ही मात्र सगळं स्वच्छ, सोपं होण्याची वाट बघतो. तुझा सेवक डेमियन याच्यासारखं आम्हाला भीतीसकट उंबरठा ओलांडायला शिकव. जे आज कुठल्यातरी खोलीत एकटे पडून आहेत त्यांच्याकडे आमची पावलं वळव, आणि जिथे आम्ही उशीर केला तिथे आम्हाला क्षमा कर. आमेन.

संत डेमियन, आमच्यासाठी विनंती करा.

उद्या पुन्हा भेटू, नव्या वाचनासह.